कलमाचा जोड

घमेलं ओट्यावर पालथं झालं तेव्हा मी दारात तांदूळ निवडत बसले होते. ओला तांबूस चिखल फरशीवरून पसरत माझ्या सुपापर्यंत आला.

“ही तुमची माती,” गयाकाकू म्हणाल्या. “पोचती करायला आले. अजून पुष्कळ आहे, पण एका खेपेला मला एवढीच उचलते.”

त्यांचं लुगडं गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलं होतं. आवाज ऐकून आतून तात्या, म्हणजे माझे सासरे, बाहेर आले. तशी काकूंनी पदर कपाळावर ओढला आणि तोंड खांबाकडं फिरवलं. तात्यांच्या चुलतभावाची, दौलतकाकांची, ही बायको. काका जाऊन दोन-तीन पावसाळे झाले होते. थोरल्या दिराशी समोरासमोर बोलायचं नाही ही रीत काकूंनी इतक्या संतापातही मोडली नाही. बोलायचं ते सगळं त्या मला बोलल्या.

“जयंती, तुझ्या सासऱ्यांना सांग, दर पावसाळ्याला त्यांची बरड माझ्या बागेत येऊन बसते. काल रानात गेले तर वेलांचे बुंधे दिसेनात.”

“त्यांना सांग,” तात्याही माझ्याकडंच बघून म्हणाले, “पाऊस मी पाडत नाही.”

“सांग, पाऊस सगळ्यांच्याच रानात पडतो. चिखल तेवढा त्यांच्याच रानातून येतो.”

“सांग, उताराचं रान आहे. उतारावरची माती खाली यायचीच.”

“मग हेही सांग. दसरा झाला की मी बांधावर दगडी भिंत घालणार. पुरुषभर उंच. मग पाणी असो नाहीतर माती, त्यांचं त्यांच्यापाशी राहू दे.”

घमेलं काखेला मारून काकू निघून गेल्या. मी अजून एक शब्दही बोलले नव्हते आणि माझं सगळं सांगून झालं होतं.

तात्या थोडा वेळ चिखलाकडं बघत राहिले. मग म्हणाले, “फरशी धुऊन घे,” आणि आत गेले.

मी धुतली नाही. वाकून चिमूटभर माती बोटांत चोळली. राहुरीला शेतीचं शिकत असताना आम्हाला ते शिकवलं होतं. हाताला ती लोण्यासारखी लागली. खडा नाही, वाळू नाही. डोंगरावरचा मुरूम असा नसतो. हा तळ्यातला गाळ होता, आणि तो आमच्या बागेत कसा आला होता ते घरातल्या प्रत्येकाला तोंडपाठ होतं.

आमची बरड म्हणजे दिंडोरीकडच्या डोंगररांगेला फुटलेलं एक टेकाड. पूर्वी तिथं कुसळी गवत आणि मुरूम, दुसरं काही नाही. तात्यांनी मशीन लावून ते सारखं केलं, उन्हाळाभर तळ्यातला गाळ ट्रॉल्यांनी वाहून वर पसरला आणि द्राक्षबाग उभी केली. लोकांनी वेड्यात काढलं. मग पहिला माल निघाला आणि तेच लोक पाहुण्यांना घेऊन बाग दाखवायला येऊ लागले. ओळी वरून खाली सरळ उताराला सोडलेल्या, कारण आडवा चालवला तर ट्रॅक्टर कलंडायची भीती. आणि दोन ओळींमधली जागा कशी, तर शेणानं सारवलेल्या अंगणासारखी. गवताचं पातं दिसलं तरी तात्यांना घास गोड लागत नसे. “गवतातली बाग म्हणजे शेंबडं पोर,” ते म्हणायचे. “बाप आळशी आहे हे कुणाला विचारावं लागत नाही.”

माझ्या लग्नाला तेव्हा दुसरं वर्ष लागलं होतं. माझ्या शिक्षणाचं घरात कौतुक होतं, पण कपाटातल्या चांदीच्या ताटासारखं. पाहुणे आले की दाखवायचं, रोज त्यात जेवायचं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एकटीच बरडीवर गेले. शिवणाची टेप बरोबर घेतली होती. नक्की काय मोजायचं ते ठरवलं नव्हतं. खालच्या टोकाला बसून पहिल्या वेलाचा बुंधा पाहिला आणि कसलीतरी उणीव वाटली. मग लक्षात आलं, कलमाचा जोड दिसत नाही.

आमच्याकडं द्राक्ष सरळ लावत नाहीत. आधी जंगली द्राक्षाचा खुंट लावतात, डॉगरीज म्हणतात त्याला, आणि तो जोमात आला की त्यावर खायच्या द्राक्षाची काडी बांधतात. दोन्ही जिथं जुळतात तिथं एक गाठ राहते, जन्मभर. तो जोड जमिनीच्या वर असावा लागतो. इथं तो मातीखाली गेला होता. मी चार पावलं वर गेले. तिथं जोड जमिनीला टेकलेला. अजून वर, तिथं वीतभर. चढत गेले तसा जोडही माझ्याबरोबर चढत गेला. अगदी माथ्यावरच्या वेलांना तो माझ्या गुडघ्याशी आला होता, आणि खाली खुंटाची मुळं कोंबडीच्या पायांसारखी उघडी पडून जमिनीला धरून होती.

मी तशीच खाली आले आणि तात्यांना घेऊन परत वर गेले.

“तात्या, कलमं कुणी बांधली होती?”

“मी. दुसऱ्या कुणाचा हात लागू दिला नाही.”

“जमिनीपासून किती वर?”

“वीतभर. सगळ्या बागेत एकसारखं.” त्यांनी पंजा ताणून दाखवला. “ही वीत लावून बांधलंय प्रत्येक.”

“मग आता लावून बघा.”

ते वाकले. करंगळी जमिनीला टेकवली आणि अंगठा वर नेला. जोड अंगठ्याच्याही वर, जवळजवळ दुसऱ्या वितीच्या टोकाला होता. मग कमरेवर हात देऊन उठले.

“वेल वाढतो तसा जोड वर सरकतो. पोरगं वाढलं की त्याचा गुडघाही वर जातोच की.”

“माणसाचं तसं असतं. झाड शेंड्याकडं वाढतं, तात्या. जोड जिथं बांधला तिथंच राहतो. तो वर आलेला नाही, खालची जमीन गेली.”

“हे तुझ्या पुस्तकात आहे का?”

“विहिरीवर आहे.”

“म्हणजे?”

“विहिरीजवळच्या सपाट तुकड्यातली कलमंही तुम्हीच बांधलीत. त्याच वर्षी. याच हातानं. तिथले वेल इथल्यापेक्षा जाड झालेत. तिथं वीत लावून बघा.”

ते उतरू लागले. मी वरच थांबले. बरडीवरून विहिरीचा तुकडा पायाखाली दिसतो. पांढरी टोपी एका वेलापाशी खाली वाकली, उठली, पुढच्या वेलापाशी वाकली. एक ओळ झाली. मला वाटलं आता येतील, पण टोपी दुसऱ्या ओळीत शिरली. ऊन चढलं तरी ते वाकतच होते.

परत आले तेव्हा घामेजले होते. म्हणाले, “माथ्यापासून खालपर्यंत चार ओळी घे. तिथं काय धिंगाणा घालायचा तो घाल. बाकी बागेला हात लावायचा नाही.”

चार ओळी मला पुष्कळ होत्या. धिंगाणा तसा साधाच होता. तिथं कुळव, ट्रॅक्टरचा रोटर, तणनाशक सगळं बंद. जे उगवेल ते उगवू द्यायचं, फार माजलं तर वरून कापून तिथंच पसरायचं. छाटणीच्या जुन्या काड्या बांधावर पडल्या होत्या, त्या ओढून आणून मी ओळींमधे आडव्या रचल्या, म्हणजे पाणी अडखळत उतरेल. माझा नवरा रमाकांत मला हसायचा, पण माझ्यासाठी त्यानं गावातल्या वेल्डिंगवाल्याकडून लोखंडी सळ्यांचे हातभर लांबीचे तुकडे करून आणले. ते आम्ही माझ्या ओळींत आणि तात्यांच्या ओळींतही ठोकले, माथ्यावर, मधे, खाली आणि मधल्या खोलगट भागात. जिथं सळई मातीत शिरते तिथपर्यंत वरचा भाग लाल रंगवला.

“हे कशाला?” तात्यांनी विचारलं.

“पावसानंतर लाल रंगाखाली नुसतं लोखंड दिसलं तर माती गेली. रंग मातीत बुडाला तर माती आली. आपण दोघांनी बघायचं. म्हणजे माझं खरं की तुमचं, असा वादच नाही.”

पुढच्या काही आठवड्यांत माझ्या ओळींत गवत मांडीला लागलं. रस्त्यानं जाणारे थांबून विचारायचे, “तात्या, हे काय? मजूर मिळंनात काय?” तात्या सांगायचे, “सुनेचा प्रयोग आहे,” आणि हे सांगताना त्यांचं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं व्हायचं.

परतीचा पाऊस आला तो भर दुपारी. डोंगर दिसेनासा झाला, आणि वळचणीचं पाणी दोरीसारखं न पडता पडद्यासारखं पडायला लागलं. आम्ही तिघं ओट्यावर उभे होतो. पाऊस थांबायची वाट न बघता तात्यांनी डोक्यावर पोतं घेतलं आणि बरडीची वाट धरली. आम्ही त्यांच्या मागं.

आम्ही पोचलो तोवर सर ओसरली होती. तात्यांच्या ओळींमधून अजून पाणी वाहत होतं, दाट, चहाच्या रंगाचं. माथ्यावरच्या सळईपाशी ते बसले. लाल रंगाखाली करंगळीच्या जाडीएवढं लोखंड उघडं पडलं होतं. माझ्या ओळीत सळई तशीच. गवताच्या बुडाशी पाणी झिरपत होतं आणि ते जवळजवळ नितळ होतं.

“करंगळीएवढीच गेली,” रमाकांत म्हणाला.

“एका एकरावरून करंगळीएवढी गेली म्हणजे वीस-पंचवीस ट्रॉल्या,” मी म्हणाले.

तात्यांनी मान वर केली. ट्रॉली म्हणजे काय ते या घरात त्यांच्याइतकं कुणाला माहीत नव्हतं. एकेक ट्रॉली त्यांनी स्वतः भरली होती.

त्या घटकेला मला वाटलं, झालं, जिंकले. तशीच मी ओळ धरून खाली उतरत गेले, प्रत्येक सळई बघत. मधल्या खोलगट भागात आले आणि थांबले. सळ्या नव्हत्या. तात्यांच्या ओळीतली नव्हती, तसं माझ्या ओळीतलीही नव्हती. गवत सतरंजी गुंडाळावी तसं मुळासकट गुंडाळून बाजूला पडलं होतं आणि दोन ओळींच्या मधोमध कमरेएवढी घळ पडली होती. तिच्या कडेनं अजून मातीची ढेकळं सुटून पडत होती.

रमाकांतनं माझ्याकडं पाहिलं. मी कुठंच पाहू शकत नव्हते. बाकी सगळीकडं गवतानं माती धरली होती, मग इथंच काय झालं? उतार तर इथं माथ्यापेक्षा कमी होता.

“तुझंही गेलं,” तात्या म्हणाले. त्यांच्या आवाजात जिंकल्याचं काही नव्हतं. घळीकडं त्यांनी एकदाच बघितलं आणि ते वळून चालू लागले. मला ते तेव्हाच खटकायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी मी गयाकाकूंच्या मळ्यात गेले. सळ्या वाहून गेल्या असतील तर तिकडंच, हा एक विचार. दुसरा हा, की शरमेनं घरात बसण्यापेक्षा शिव्या खाल्लेल्या बऱ्या. बांध ओलांडला तर सळ्या धुऊन त्यांच्या पडवीच्या भिंतीला टेकवून ठेवलेल्या.

“तुझ्याच ना गं या? लाल रंगाच्या?” काकू कोरड्या आवाजात म्हणाल्या. “ने. आणि चिखलही ने म्हटलं तर नेशील का?”

“काकू, भिंत घालू नका. थोडा वेळ द्या मला. गवतानं माती थांबते. कालच्या पावसात वर थांबली. मधे एका ठिकाणी तेवढी गेली, ती का गेली ते मला अजून कळलं नाही.”

“कुठं गेली?”

“तो खोलगट भाग आहे ना, जिथले वेल सगळ्यांत चांगले आहेत. तिथं.”

काकू माझ्याकडं बघत राहिल्या. मग हातातलं काम खाली ठेवलं. “तुला खरंच ठाऊक नाही? कुणी सांगितलं नाही?”

“काय?”

त्या मला हाताला धरून बांधापाशी घेऊन गेल्या. त्यांच्या बागेच्या कडेनं एक रुंद खोलगट चर होता, दोन्ही अंगांना करंजाची झाडं, तळाला गोल गोटे. तो वर आमच्या बांधापर्यंत आला होता आणि तिथं मातीच्या भिंतीला डोकं आपटल्यासारखा संपत होता.

“हा ओहळ,” काकू म्हणाल्या. “माझ्या लग्नात नवरदेवाच्या बैलांनी इथं पाणी प्यायलं होतं. अख्ख्या टेकाडाचं पाणी यातून उतरायचं. तुझ्या सासऱ्यांनी मशीन आणलं तेव्हा वरचा ओहळ बुजवला, वर गाळ टाकला आणि वेल लावले. ते वेल चांगले का आहेत, आता कळलं? त्यांच्या पायाखाली ओल आहे. आमचे हे बांधावर उभे राहून ओरडत होते, ‘दादा, पाण्याची वाट बुजवू नको.’ मशीन थांबलं नाही. त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद. हे गेले तेव्हा तुझे सासरे मातीला आले, पण कोपऱ्यात उभे राहून गेले.” त्यांनी पदरानं तोंड पुसलं. “तू कितीही गवत लाव, पोरी. पाण्याला घर ठाऊक आहे.”

सळ्या घेऊन मी परत निघाले. वाटेत मनात काय काय आलं ते सांगत बसत नाही. एक गोष्ट मात्र बांध ओलांडायच्या आतच ठरली होती. गवतानं निम्मं काम होणार होतं. उरलेलं निम्मं त्या खोलग्यातले वेल काढल्याशिवाय होणार नव्हतं, आणि ते मला तात्यांना सांगावं लागणार होतं.

तात्या बरडीवरच सापडले. घळीच्या काठावर बसले होते. मी सळ्या त्यांच्यासमोर ठेवल्या.

“काकूंनी दिल्या,” मी म्हणाले. “आणि ओहळही दाखवला.”

त्यांनी एक सळई उचलून तिचा लाल रंग अंगठ्यानं पुसला.

“तात्या, पाणी उतरायला वाट पाहिजे. गवत माती धरेल, पण टेकाडाचं पाणी ते पिऊन टाकणार नाही. हा पट्टा मोकळा करावा लागेल. ओहळ होता तेवढा, माथ्यापासून बांधापर्यंत.”

“हा पट्टा?” त्यांनी हात फिरवला. “या ओळी? निर्यातीचा माल यांच्यावरच निघतो. साहेब लोक येतात ते या वेलांपाशी उभे राहून फोटो काढतात. चालती बाग उपटायची म्हणतेस?”

“हो.”

“आणि मी नाही म्हटलं तर?”

“तर दसऱ्यानंतर भिंत होईल. पाणी बांधाला तुंबेल आणि खालची निम्मी बाग पाण्यात बसेल. नाहीतर काकूंची बाग मातीत जाईल. दोन्हींतून मला एकही बघायचं नाही. मी तुम्हाला रोज विचारणार. आज नाही म्हणालात तर उद्या विचारीन.”

मी सासऱ्यांशी असं कधी बोलले नव्हते. पण जागची हलले नाही.

घळीच्या काठावरचं एक ढेकूळ सुटून खाली पडलं. तात्या ते पडताना बघत होते.

“मशीनच्या आवाजात मला ऐकू आलं नाही, असं मी सगळ्यांना सांगितलं,” ते म्हणाले. “तुझ्या सासूला, भावकीला, दौलतलासुद्धा. ऐकू आलं होतं. शब्द न शब्द ऐकू आला होता. ड्रायव्हरनंही मशीन थांबवलं होतं, मीच त्याला म्हटलं, चालू दे.”

मी खाली बसले.

“पहिल्याच पावसात पाण्यानं वाट फोडली असती आणि मी तेव्हाच ओहळ उकरला असता, तर गोष्ट मिटली असती. पण पहिली दोन वर्षं पाऊसच कमी झाला. माल जोरात निघाला. मला वाटलं, मी बरोबर, तो चूक. मग चूक कळायला लागली तेव्हा वेल मोठे झाले होते.” ते उठले. “रमाकांतला सांग, तारा सैल करायचे पाने घेऊन ये म्हणावं.”

“आज?”

“उद्या विचारणार होतीस ना? मग आजच.”

रमाकांत पाने घेऊन आला तेव्हा त्याचा विश्वास बसत नव्हता. “छाटणी तोंडावर आलीय, तात्या. एवढा हंगाम घेऊ, मग काढू.”

“एक हंगाम म्हणता म्हणता इथवर आलो,” तात्या म्हणाले.

द्राक्षबाग उपटणं हे झाड तोडण्यासारखं नसतं. आधी लोखंडी अँगलवर ताणलेल्या तारा सोडाव्या लागतात. पहिली तार सुटली तेव्हा ती पूर्ण ओळभर झणझणत गेली आणि वेल एकदम खांदे पाडल्यासारखे खाली आले. मग करवत. बुंधा कापायला रमाकांत पुढं झाला, तशी तात्यांनी करवत त्याच्या हातातून घेतली. पहिला वेल त्यांनी जोडाच्या बरोबर खाली कापला.

कापण्याचा आवाज ऐकून की काय, गयाकाकू बांधावर आल्या होत्या. पदर नीट करून तिथंच उभ्या राहिल्या.

तात्यांनी मला हाक मारली. “जयंती, त्यांना सांग...” इथं ते थांबले. करवत खाली ठेवली, टोपी काढली आणि बांधाच्या दिशेनं चार पावलं गेले. “गया,” ते म्हणाले, “दौलतचं ऐकायला पाहिजे होतं. मला ऐकू आलं होतं.”

काकूंनी पदर पुढं ओढला नाही. त्या सरळ त्यांच्याकडं बघत होत्या. राग गेला असं मी म्हणणार नाही. तो चेहऱ्यावर तसाच होता, फक्त त्याला आता धाव घ्यायला जागा उरली नव्हती.

“ते त्यांना सांगायचं होतं,” त्या म्हणाल्या.

“हो,” तात्या म्हणाले. “ते राहिलं.”

काकू वळून गेल्या. मला वाटलं, संपलं. पण थोड्या वेळानं त्या दोन गडी आणि फावडी घेऊन आल्या आणि त्यांच्या बाजूनं ओहळात साचलेला गाळ उपसायला लावला. आमच्याशी एक शब्द बोलल्या नाहीत. दोन्हीकडून काम चालू राहिलं.

भरावाची माती उपसायला मशीन आणावं लागलं. पुरुषभर खाली गेल्यावर मशीनच्या फावड्याला दगड लागला. रमाकांत आत उतरला आणि हातानं माती बाजूला करत गेला. खाली गोल, गुळगुळीत गोटे होते, जसे काकूंच्या बाजूला होते अगदी तसे, आणि ते ओले होते. आम्ही बघत असतानाच दोन गोट्यांच्या मधून पाणी वर आलं आणि खालच्या दिशेनं सरकू लागलं. वरून बुजवलेला ओहळ आतून इतकी वर्षं चालूच होता.

तात्या काठावर बसले. मी पाणी आणून दिलं ते त्यांनी घेतलं नाही.

पुढच्या पावसाळ्याच्या आधी मी माहेरी अकोल्याकडं जाऊन मारवेल गवताचे ठोंब आणले, पोती भरून, आणि ओहळाच्या दोन्ही काठांना आणि तळाला दाट लावले. उरलेल्या ओळींतून तात्यांनी रोटर फिरवला नाही. होकार कधी दिला नाही, पण फिरवला नाही. रमाकांतनं उताराला आडवे लहान लहान वरंबे घातले, ओळींमधलं पाणी वळून ओहळात यावं म्हणून. भिंतीचा विषय काकूंनी काढला नाही. भिंतीसाठी आणलेले दगड त्यांनी ओहळाच्या तोंडाशी रचले, पाण्याचा जोर मोडायला.

जुलैत एक दिवस असा पाऊस झाला की गावाजवळच्या मोरीवरून पाणी गेलं. उघडल्यावर आम्ही सगळे बरडीवर गेलो. काकूही पलीकडच्या अंगानं आल्या. ओहळ काठोकाठ वाहत होता. मारवेल पाण्याखाली आडवं झालं होतं, पण जागेवर होतं. तात्या खाली उतरले, ओंजळभर पाणी घेतलं आणि बोटांमधून हळूहळू सोडलं. तळहातावर काय उरतं ते बघत राहिले.

“काय आहे?” काकूंनी पलीकडून विचारलं.

“काही नाही,” तात्या म्हणाले. “पाणीच आहे.”

“मग ठीक,” काकू म्हणाल्या आणि आपल्या बागेकडं गेल्या. त्यांच्यात त्यापेक्षा जास्त गोडवा पुढंही कधी आला नाही. पण त्यानंतर निरोप माझ्या तोंडून जायचे बंद झाले. भांडायचं झालं तरी दोघं सरळ भांडत.

आम्ही माथ्याकडं चढत गेलो. ओळींच्या वरच्या टोकाला माती थांबली होती, सळ्या जागेवर होत्या. पण थांबली म्हणजे परत आली नाही. उघडी पडलेली मुळं तशीच होती. त्या वेलांच्या काड्या बारीक, पानं पिवळसर. तात्या त्यांच्यामधून फिरले, एक-दोन बुंध्यांना हात लावून हलवून पाहिलं.

“हे सावरतील का?” त्यांनी मला विचारलं. आजवर माझ्याकडून त्यांना बागेचं काही विचारून घ्यायची वेळ आली नव्हती.

खोटं सांगणं सोपं होतं. मी सांगितलं नाही. “नाही सावरणार, तात्या. खाली मुरूम आहे नुसता. माती तयार व्हायला आपला जन्म पुरायचा नाही.”

ते माथ्यावर उभे राहिले. तिथून सगळं दिसतं, बरड, ओहळ, काकूंची बाग, विहीर, घर. कितीतरी वेळ ते बघत होते. शेवटी टोपी सारखी करून उतरायला लागले.

“माथा मोकळा करू,” चालता चालता म्हणाले. “द्राक्षं खाली ठेवू, जिथं माती आहे तिथं. वर गवतच राहू दे.”

मी त्यांच्या मागं उतरत राहिले.

थोडं खाली आल्यावर ते थांबले आणि मागं वळून म्हणाले, “ते मारवेलचे ठोंब तू कुणाकडून आणलेस? यंदा मीपण येतो बरोबर. पोती जास्त लागतील.”